दोन वेढे जास्त

"पाटल्यो काढ," सासूबाई म्हणाल्या.

मी चुलीपुढे पेज ढवळत होते. मला वाटलं, धग लागून सोनं तापेल म्हणून सांगताहेत.

"एवढी पेज उतरवते आणि काढते."

"पेज ऱ्हवांदे. आत्ता काढ. देवीच्या पायाकडे ठेवतलंय. मधूची खबर इली की मगे घेवन येतलंय."

मधू म्हणजे माझा नवरा, मधुसूदन मिठबावकर. एका मालवाहू जहाजावर तो बिनतारी संदेश पाठवण्याच्या कामावर होता. कोचीनहून निघालेलं त्याचं जहाज आमच्या देवगडच्या समोरून मुंबईकडे जायचं होतं, आणि त्याच वाटेवर कार्तिकातलं वादळ उठलं. वादळ येऊन गेलं, आमच्या वाडीतले माड पाडून गेलं, समुद्र पुन्हा निळा दिसायला लागला. जहाजाचा मात्र पत्ता नव्हता.

पाटल्या घट्ट होत्या. सासूबाईंनी स्वतः माझ्या हाताला साबण लावला आणि ओढून काढल्या. त्या पाटल्या मुळात त्यांच्याच. त्यांच्या सासूबाईंनी त्यांच्या हातात घातलेल्या, त्यांनी लग्नात माझ्या हातात घातल्या. त्या घराची तशी रीतच होती. तेव्हापासून त्यांच्या हातात नुसता काचेचा चुडा असे. पदराच्या टोकाला पाटल्यांची गाठ मारून त्या देवळाकडे गेल्या आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून आल्या. माझ्या मनगटांवर फिकट वर्तुळं तेवढी राहिली.

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्याची माझी ऐपतच नव्हती. ती का नव्हती, ते सांगते.

मी घाटावरची, गारगोटीची. लग्नाच्या वरातीनंतर उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. मी उजव्या पावलानं ते हळूच लवंडलं. तांदूळ घरात सांडायचे, लक्ष्मी घरात यायची. आमचं माप लवंडलं, गोल फिरलं आणि गडगडत उलट बाहेर गेलं, पायरीवरून थेट अंगणात. तांदूळ कोंबड्यांनी टिपले. सगळ्यांनी सगळं पाहिलं. पुढं आठ दिवसांत मधूला रजा सोडून जहाजावर हजर होण्याची तार आली. महिन्याच्या आत दुभती म्हैस मेली. तिला साप चावला होता, पण साप काही नव्या नवरीसारखा घरात राहायला आलेला नव्हता. त्यामुळे नाव माझंच झालं.

"हिचो पायगुण काय साधो न्हय," असं सासूबाई शेजारच्या गोदाकाकीला सांगायच्या. मला ऐकू जाईल एवढ्या बेतानंच सांगायच्या.

मला तारलं ते माझ्या सासऱ्यांच्या पेटीनं. निदान मला तसं वाटत होतं.

सासऱ्यांना सगळे भाऊ म्हणत. ते जन्मभर तारमास्तर होते. नोकरीपायी घाटावर फिरल्यामुळे त्यांची भाषा अर्धी पुस्तकी झाली होती. तारेच्या ठिपक्या-रेघांचं कड-कट्ट त्यांच्या बोटांत इतकं मुरलं होतं की जेवायला वाढायला उशीर झाला तर ते पाटावर बोटांनी तार करायचे. मधूला त्यांनी लहानपणीच ती भाषा शिकवली होती. निवृत्तीनंतर, मधू जहाजावर गेल्यावर, त्यांनी आमच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात एक रेडिओ बांधला. विकतच्या रेडिओवर गाणी लागतात, जहाजं लागत नाहीत. त्यांना जहाजं ऐकायची होती.

पेटी कसली, फणसाची एक फळी होती. तिच्यावर एक काचेचा व्हॉल्व्ह, बॅटऱ्या आणि पात्यांचा एक गँग. गँग म्हणजे ती गोल फिरवायची चकती, जिनं स्टेशन बदलतं. आणि कडेला एक जाड गुंडाळी. मेणात बुडवलेली पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर तांब्याची तार अशी एकसारखी बसवलेली की वेढ्यात नख शिरणार नाही. दोन माडांच्या मध्ये लांब तार ताणलेली, तिचं टोक खिडकीतून आत आणलेलं. कानाला लावायचे फोन एकच जोडी, म्हणून भाऊ ते लोणच्याच्या रिकाम्या चिनी बरणीत सोडायचे. बरणी घुमायची आणि सगळ्या पडवीला ऐकू यायचं. मला आजही जहाज म्हटलं की कैरीच्या लोणच्याचा वास येतो.

ती पेटी पहिल्यांदा लावली तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. दिवेलागणीची वेळ. सासूबाई दारात बसलेल्या. त्या विजेच्या वस्तूच्या जवळ कधी जात नसत. गोदाकाकी आणि आणखी दोघीतिघी ओसरीवर. भाऊंनी गँग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. नुसती खरखर.

"आधी तुमकाच आयकाक येता काय तां बघा," सासूबाई म्हणाल्या आणि बायका हसल्या.

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. "कुमुद, जरा इकडे ये. ही फळी हलतेय. इथं मनगट टेकव आणि धरून बस."

गुंडाळीच्या शेजारी त्यांनी एक लाकडी ठोकळा बसवला होता, त्याला मनगट बसेल अशी खोबण होती. मी मनगट टेकवलं. आणि बरणीत एक शीळ उठली.

पीं, पींऽऽ, पीं, पीं. बारीक, स्वच्छ, अगदी कानापाशी. मी दचकून हात काढला. शीळ गेली. परत टेकवला. शीळ आली! अंगावर सरसरून काटा आला माझ्या. समोरच्या माडाला तार बांधली होती, ती आम्हाला दिसत होती. पण जिकडून हे येत होतं तिथवर नुसतं पाणी होतं आणि अंधार होता. त्यातून कुणीतरी माणूस बोलत होता आणि तो आमच्या लोणच्याच्या बरणीत ऐकू येत होता.

भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "इराणकडून येतंय. खजूर आहे."

गोदाकाकीनं कपाळाला हात लावला. "गे बाय माझे! सुनेन हात लावल्यान आणि पेटी बोलाक लागली."

त्या दिवसापासून माझी जागा ठरली. रोज दिवेलागणीला मी खोबणीत मनगट टेकवून बसायची. मी नसले की पेटी मुकी. वाडीतल्या बायकांनी स्वतः हात लावून पाहिले, त्यांच्या काचेच्या बांगड्यांच्या हातांना पेटीनं दाद दिली नाही. एका संध्याकाळी मधूचं जहाज बोललं. भाऊंनी पहिल्या दोन अक्षरांतच हात वर केला. "आमचाच आहे. शेवटची रेघ लांबवतो बघ. लहानपणापासूनची खोड, मारूनसुद्धा गेली नाही." सासूबाईंना ती भाषा येत नव्हती, पण लेकाच्या हाताची ती लांबलेली रेघ त्यांना लगेच ओळखू यायला लागली. ती आली की त्या तिथूनच कानशिलांवर बोटं मोडायच्या. माझ्या पानात माशाची डोक्याकडची तुकडी यायला लागली. मापाचा विषय बंद झाला.

मी गारगोटीच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पायगुणावर माझा विश्वास नव्हता. पण माझ्या हातानं समुद्र बोलतो हे रोज डोळ्यांदेखत घडत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं. रात्री मी मनगटाकडे बघत बसायची.

आणि आता वादळानंतरची ती संध्याकाळ. आदले तीन दिवस दुसरी जहाजं बोलत होती, मधूचं नव्हतं. सासूबाई देवळातून आल्या, दारात बसल्या. गोदाकाकी आली. मी खोबणीत मनगट टेकवलं. भाऊंनी व्हॉल्व्ह पेटवला, गँग फिरवला.

काही नाही.

एकही जहाज नाही. खरखर होती, तीसुद्धा दुरून आल्यासारखी. भाऊंनी बॅटरीच्या तारा पाहिल्या, खिडकीतलं टोक पाहिलं, बाहेर जाऊन माड पाहून आले. परत बसले. मी मनगट दाबून धरलं, मग हात बदलला. काही नाही.

"समुद्रार एकपण जहाज उरलां नाय?" सासूबाई हळूच म्हणाल्या.

भाऊंची नजर तेव्हा माझ्या हाताकडे गेली आणि तिथंच थांबली.

"पाटल्या कुठं आहेत?"

"देवीकडे ठेवल्या," मी म्हणाले.

"मीया ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. "पाटल्यांचा काय ता? माझो झील थंय..." त्यांना पुढं बोलवेना. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "ऊठ थंयसून. माप भायर गेला तेवाच माका समाजला होता. ह्या पेटीन माका खुळ्यात काढल्यान. ऊठ!"

मी उठले नाही, मला उठताच आलं नाही. त्या पदरानं तोंड झाकून आत देव्हाऱ्यापुढे गेल्या. गोदाकाकी त्यांच्या मागून गेली. पडवीत भाऊ आणि मी दोघंच उरलो. मला नवरा गेल्याचं दुःख करावं की या घरातून आपण गेलो याचं, तेच कळत नव्हतं. दोन्ही एकदमच आलं होतं.

भाऊंनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग खिशातला चाकू काढला.

"रडू नकोस. दिवा जवळ धर."

त्यांनी गुंडाळीचं वरचं टोक सोडवलं. मेण तडतडलं. तार उलट फिरवून त्यांनी एक वेढा उतरवला, मग दुसरा. उरलेली तार कापली, टोक चाकूनं खरवडलं, तांबं चमकल्यावर पुन्हा स्क्रूखाली आवळलं. कापलेला तुकडा धोतराच्या कनवटीला लावला. जन्मभर याच कामाची तालीम केल्यासारखे त्यांचे हात चालले होते.

"भाऊ, हे काय..."

"मनगट टेकव. आणि कुणाला काही बोलायचं नाही."

त्यांनी गँग पूर्ण उघडला, केसभर मागं आणला, आणि समुद्र परत आला. एकदम चार-पाच जहाजं, एकावर एक, बाजारातल्यासारखा गलका. भाऊंनी डोळे मिटले. एकेका आवाजावर थांबत, त्याला सोडत, ते पुढे सरकत होते. मीही श्वास रोखून ऐकत होते. अक्षरं मला तेव्हा येत नव्हती, पण एक गोष्ट येत होती.

"भाऊ! ती रेघ!"

अगदी क्षीण, खरखरीच्या तळाशी, कुणीतरी शेवटची रेघ लांबवत होतं.

सासूबाईंनीही ती ऐकली असणार. त्या धावत दारापर्यंत आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या. "काय म्हणता तो? जितो आसा मां? सांगा वो!"

भाऊंनी हात वर करून त्यांना थोपवलं. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडानं ते एकेक शब्द मराठी करत होते. "इंजिन... बिघडलं होतं. वाहत दक्षिणेला गेलो. डोलकाठीवरची मोठी तार तुटली होती... आता दुरुस्त. ओढून मुरगाव बंदरात नेताहेत. सगळे... सगळी माणसं सुखरूप."

सासूबाई मटकन खाली बसल्या. मग बसल्या बसल्याच सरकत माझ्याजवळ आल्या, पेटीपासून हातभर अंतर ठेवूनच, आणि माझ्या पावलांवर हात ठेवून तो आपल्या कपाळाला लावला. सासूनं सुनेच्या पावलांना हात लावायचा! मी पाय ओढून घेतले, पण त्या ऐकेनात. "माझ्या बायचो पायगुण! मीच खुळी, काय नको तां बोललंय." असं म्हणत त्या वाडीला सांगायला गोदाकाकीला घेऊन पळाल्याच.

आम्ही परत दोघंच.

"भाऊ, ते वेढे?"

कनवटीची तार काढून भाऊंनी बोटाभोवती गुंडाळली.

"हे दोन पहिल्या दिवसापासून जास्तच होते. मुद्दाम." ते म्हणाले. "झोपाळा असतो ना, त्यावर एक माणूस बसला तर भराभर झुलतो, चार बसले तर सावकाश. या गुंडाळीत वीज तशीच झुलते. वेढे जास्त तर झोके सावकाश. जहाजांचा झोका ठरलेला असतो. आपला त्याच्याशी जुळला की ती बोलतात, नाहीतर नाही. मी दोन वेढे जास्त दिले, म्हणजे गँग पूर्ण उघडला तरी आपला झोका थोडा मागंच राहणार."

"आणि मी हात ठेवला की?"

"हातानं काही होत नाही. सोन्यानं होतं. पाटली म्हणजे सोन्याचा बंद वेढाच. गुंडाळीजवळ आली की तिच्यात आपोआप उलटी वीज फिरते आणि गुंडाळीचा थोडा भार उतरतो. झोका जुळतो."

"पण ती तर गुंडाळीला शिवतसुद्धा नाही!"

"नाहीच शिवत." भाऊ हसले. "मलाही अजून नवल वाटतं. तार तारेला शिवत नाही, सोनं तांब्याला शिवत नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत सगळं घडतं."

मी त्या गुंडाळीकडे बघत राहिले. मला राग यायला हवा होता बहुतेक. माझा एवढा मोठा पायगुण, तो म्हणजे दोन वेढे आणि सासूबाईंचं सोनं. पण राग आला नाही. या माणसानं एका पोरीसाठी आकाशातून येणारी लहर वाकवली होती, आणि वर फळी हलतेय म्हणून सांगितलं होतं.

"म्हणजे माझा पायगुण खोटाच," मी म्हणाले.

"पायगुण सगळ्यांचाच खोटा. माप बाहेर गेलं, कारण आपल्या उंबऱ्याला बाहेर उतार आहे. मी तुझ्या सासूला पाणी ओतून दाखवलं होतं. तिनं ऐकलं नाही. पितळेचं झाकण जवळ धरलं असतं तरी पेटी बोलली असती. पण झाकणाला कोण मान देणार? म्हणून ठोकळ्याला खोबण केली."

दुसऱ्या दिवशी बंदरावरून मुरगावची तारही आली. संध्याकाळी सासूबाई नवस फेडून देवळातून परतल्या. एवढं सोनं पदरात बांधून वाटेनं कसं आणायचं, म्हणून पाटल्या त्यांनी हातांत घातल्या होत्या. त्या हातांत मी पाटल्या प्रथमच पाहत होते आणि त्या फार शोभत होत्या. पेटी लावलेली होती, मी खोबणीपाशी मोकळं मनगट टेकवून बसले होते, कुठलंसं जहाज बोलत होतं. त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदाच पेटीच्या अगदी जवळ आल्या. देवीचा अंगारा आणला होता, तो पेटीला लावायचा होता. अंगाऱ्याचा हात त्यांनी गुंडाळीकडे नेला.

शीळ चढली. बारीक होत होत विरून गेली.

त्यांनी हात मागं घेतला. शीळ परत आली.

त्या थांबल्या. पुन्हा हात पुढं नेला, या वेळी हळू. शीळ चढत गेली, गेली. मागं घेतला, आली. मग त्यांनी मनगटावरच्या पाटलीकडे पाहिलं. मग माझ्या मोकळ्या मनगटाकडे, ठोकळ्याच्या खोबणीकडे, आणि मग भाऊंकडे. भाऊ आढ्याकडे बघत होते. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बाहेर अंगणात बायकांचे आवाज येत होते. मधूची खुशाली ऐकायला सगळी वाडी लोटली होती. सासूबाईंनी एक शब्द उच्चारला असता तर माझं माप पुन्हा अंगणात गडगडलं असतं.

त्यांनी पाटल्या काढल्या. माझा हात ओढून एकेक करून चढवल्या. साबण नव्हता, हाड दुखलं. मग तो हात खोबणीत ठेवून वरून दाबला. शीळ अर्थातच गेली. त्यांनी भाऊंकडे असं पाहिलं की भाऊंचा हात आपोआप गँगकडे गेला. केसभर फिरवल्यावर जहाज परत बोलायला लागलं.

"हात हंयच ठेव," त्या मला म्हणाल्या. "हलव नको." आणि अंगणाकडे तोंड करून मोठ्यानं, "येवा गो, येवा! माझ्या सुनेचो हात लागल्याबिगर ही पेटी बोलणा नाय. खरा मां, वो?"

"अगदी खरं," भाऊ म्हणाले.

त्यानंतर त्या विषयावर आम्ही तिघं कधी बोललो नाही. दोन वेढे उतरल्यामुळे पेटी आता कुणाच्याही हाताविना बोलली असती, हे तिघांनाही ठाऊक होतं. मधू रजेवर येऊन गेला, आणि पुढल्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला गारगोटीला गेले. मधूचं जहाज त्या काळात दोनदा देवगडवरून गेलं. भाऊंनी नंतर मला सांगितलं, त्या दोन्ही संध्याकाळी सासूबाई दारात समुद्राकडे बघत बसून होत्या. लेकाची ती लांबलेली रेघ ऐकायला जीव तुटत होता, पण पेटी लावू दिली नाही. ओसरीवर गोदाकाकी होती ना! "सून येवंदे," एवढंच म्हणाल्या.

मी बाळाला घेऊन आले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई उंबऱ्यावर भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी आमच्या दोघांवरून ओवाळून टाकला, नातवाला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं. मी वाकून नमस्कार करायला गेले तर त्यांनी मला दंडाला धरून आत लोटलं.

"पाया मगे पड," त्या म्हणाल्या. "आधी हात ठेव."